नियम सारखे बदलतायत, मग पायलट व्हायचं की नाही?

पत्र थोडक्यात देते, मूळ पत्र बरंच मोठं आहे आणि त्यातलं निम्मं दादाशी झालेलं भांडण आहे.

"ताई, मी २० वर्षांची आहे. पायलट व्हायचं हे शाळेपासून डोक्यात आहे. पुढच्या काही महिन्यांत फ्लाइंग स्कूलची फी भरायचीये, बाबा साठवलेले पैसे काढणार आणि वर कर्ज. पण जितकं वाचते तितका गोंधळ वाढतोय. कुणी म्हणतं २०० तासांवर नोकरी मिळते, कुणी म्हणतं १५०० लागतात, एमपीएल नावाचं वेगळंच लायसन्स निघालंय, रिटायरमेंटचं वय ६५ चं ६७ करा म्हणून चाललंय आणि कॉकपिटमध्ये एकच पायलट ठेवायचीही चर्चा आहे. दादा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो तू शिकून बाहेर पडेपर्यंत विमानं आपली आपण उडतील आणि तू हप्ते भरत बसशील. आई काहीच बोलत नाही, त्याचंच जास्त टेन्शन येतं. मी सुरुवात केली आणि मधेच नियम बदलले तर? का सगळं नक्की होईपर्यंत थांबू? आणि मला चष्मा आहे, ते चालतं ना?"

अगं, थांबण्याचं आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. नियम नक्की होईपर्यंत थांबायचं ठरवलंस तर थांबूनच राहशील, कारण ते नक्की कधी होतच नाहीत. मी लायसन्स घेतल्यापासून, पुढे एअरलाइनमध्ये उडवलं त्या सगळ्या वर्षांत आणि आता सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, पोरांना शिकवते तेव्हाही, काही ना काही बदललं नाही असं वर्ष आठवत नाही. नियम बदलला म्हणून चांगला शिकलेला माणूस घरी बसला, असं फारसं पाहिलेलं नाही. भलत्याच कारणाने घरी बसलेले मात्र खूप पाहिले, त्यात मीही होते. ते पुढे सांगते.

आता तासांचं घे. आयकाओ म्हणून संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतुकीची संघटना आहे, तिने ठरवलेलं किमान बहुतेक सगळे देश पाया म्हणून धरतात. कमर्शियल लायसन्स, म्हणजे पगार घेऊन उडवायचं लायसन्स, त्याला २०० तास, मान्यता असलेला सलग कोर्स असेल तर १५०, आणि एटीपीएल, म्हणजे एअरलाइनचं कॅप्टन व्हायला जे लायसन्स लागतं, त्याला १५००. बऱ्याच देशांत को-पायलट म्हणून बसायला पहिलं लायसन्स चालतं, त्याच्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर काही दिसत नसताना यंत्रांवर उडवणं), मल्टिइंजिन, टाइप रेटिंग (त्या त्या जातीच्या विमानाची परवानगी) अशी सगळी चढण असतेच, आणि १५०० चा प्रश्न कॅप्टन व्हायच्या वेळी येतो. अमेरिकेत मात्र २०१३ पासून को-पायलटलाही १५०० लागतात, त्यातही सैन्यातून आलेल्याला ७५०, एव्हिएशनची चार वर्षांची डिग्री असेल तर १००० आणि दोन वर्षांची असेल तर १२५० अशा सवलती आहेत. म्हणजे तू वाचलेले दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या देशांचे आहेत आणि रील बनवणारा तेवढंच सांगायचं विसरतो.

हे १५०० आले कुठून ते ऐक. १२ फेब्रुवारी २००९ ची रात्र, न्यूअर्कहून बफेलोला जाणारं कोल्गन एअरचं एक छोटं टर्बोप्रॉप विमान उतरायच्या तयारीत होतं. वेग कमी होत गेला आणि दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग स्टिक शेकर सुरू झाला, म्हणजे कंट्रोल कॉलम हातात थरथरायला लागतो, विमान आपल्या भाषेत सांगत असतं की वेग संपत आलाय, नाक खाली घे. कॅप्टनने उलट मागे ओढलं. विमान एका घरावर कोसळलं, आतले सगळे ४९ आणि त्या घरातला एक माणूस, असे ५० जण गेले. चौकशीत काय काय निघालं बघ: को-पायलट आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवासी म्हणून विमानं बदलत ड्यूटीला पोचली होती, कॅप्टनने ती रात्र क्रू रूममध्ये काढली होती, आणि त्याच्या आधीच्या नापास झालेल्या चेक राइड्सची, म्हणजे उडवून दाखवायच्या परीक्षांची, पूर्ण माहिती कंपनीकडे नव्हती. गेलेल्यांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनच्या चकरा मारमारून कायदा करून घेतला, २०१० मध्ये तो झाला, आणि त्यातून १५०० तास आले.

पण त्या कॅप्टनचे तास होते ३३०० च्या वर, आणि को-पायलटचे २२०० च्या वर. म्हणजे ज्या अपघातामुळे १५०० चा नियम आला त्या अपघातात तो नियम आधीच पाळलेला होता. मी कायद्याला नावं ठेवत नाहीये, ड्यूटी आणि विश्रांतीचे कडक नियम त्यातूनच आले, पायलटचं जुनं रेकॉर्ड कंपन्यांना बघता यावं अशी सोयही त्यातूनच झाली, आणि मला विचारशील तर ह्या दोन गोष्टींनी जास्त जीव वाचवले असतील. पण बातमीत काय टिकलं, तर १५००. आकडा लक्षात ठेवायला सोपा असतो ना.

त्याच वर्षी १ जूनला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं फ्लाइट ४४७ अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली. वेग मोजायच्या नळ्या बर्फाने काही क्षण बंद झाल्या, ऑटोपायलट सुटला, आणि विमान स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांना हवेचा आधार सुटला, ते समुद्रापर्यंत स्टॉलमध्येच राहिलं. तिथेही तासांची कमी नव्हती, पायलट तर तिघे होते. युरोपने यावर तास नाही वाढवले. त्यांनी शिकवण्यात बदल केला, विमान हाताबाहेर जाऊ न देणं आणि गेलंच तर परत आणणं याचं ट्रेनिंग वाढवलं, आणि डिसेंबर २०१९ पासून एअरलाइनकडे जाणाऱ्या नव्या पोरांना पहिल्या मोठ्या टाइप रेटिंगच्या आधी हे खऱ्या विमानात करून दाखवावं लागतं. दोन्ही अपघात एका वर्षातले आणि दोन्हीत दुखणं स्टॉलचंच, पण एकाने तास मोजले आणि दुसऱ्याने धडा बदलला. मी कुठल्या बाजूची आहे ते तुला कळलंच असेल.

एमपीएल, म्हणजे मल्टि-क्रू पायलट लायसन्स, हेही ह्याच विचारातून आलं, आयकाओने २००६ मध्ये आणलं. छोट्या विमानात एकट्याने तास जमवत बसण्यापेक्षा पहिल्यापासून दोन माणसांच्या कॉकपिटसाठीच तयार करायचं, किमान २४० तास, त्यातला मोठा भाग सिम्युलेटरवर. कल्पना चांगली आहे, मी शिकवलेली त्यातली काही पोरं फार छान निघाली. पण ते लायसन्स बहुतेक वेळा एका एअरलाइनला बांधलेलं असतं, आणि कोर्स अर्धा झाला असताना त्या एअरलाइननेच हात वर केले तर तुझ्याकडे असं लायसन्स राहतं ज्यावर चार्टरचं छोटं विमानसुद्धा एकटीने उडवता येत नाही. एअरलाइनचं पत्र हातात असेल तरच तिकडे जा. "टाय-अप आहे" असं स्कूलवाला तोंडी म्हणाला तर त्याला पत्र नाही म्हणत.

एक प्रसंग सांगते, नावं नाहीत. एकाच आठवड्यात सिमवर माझ्याकडे दोन जण आले. एकाचे २००० च्या वर तास, जवळजवळ सगळे एकाच एअरपोर्टवर, एकाच जातीच्या सिंगल इंजिन विमानावर, सकाळच्या शांत हवेत. दुसरी नुकतीच बाहेर पडलेली, २१० तास. दोघांना एकच परीक्षा दिली, टेकऑफच्या धावेत परत थांबता येणार नाही असा वेग ओलांडला की एक इंजिन गेलं आणि वर आल्यावर आगीची घंटा. पहिल्याचा पाय रडरवर, म्हणजे नाक सरळ ठेवायच्या पेडलवर, इतका सफाईदार पडला की विमान जरासुद्धा वळलं नाही, मी मनात म्हटलं वा. आणि घंटा वाजली तसा त्याचा हात आपोआप वर गेला, शेजारच्याला एक शब्द न विचारता, २०० फुटांवर, आणि गेला तो चांगल्या चालू असलेल्या इंजिनाला बंद करायच्या हँडलवर. मी सिम फ्रीज केला.

दुसरीचं विमान पार वाकडं गेलं, २० डिग्री तरी. आवाज कापत होता. पण ती म्हणाली, "कंट्रोल माझ्याकडे, ४०० फुटांपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही." ते ४०० फूट येईपर्यंत ती घंटेच्या आवाजात तशीच बसून राहिली, मग शेजारच्याला लिव्हर दाखवायला लावला, "हेच इंजिन ना? कन्फर्म कर," आणि मग बंद केलं. तिच्या पायाचं काम चार सेशनमध्ये सुधारलं. पहिल्याच्या हाताला आवरायला आम्हाला किती दिवस लागले ते विचारू नकोस, कारण २००० तासांत त्याच्या हाताला कुणी कधी अडवलंच नव्हतं.

याचा अर्थ तास फालतू आहेत असा काढू नकोस हं. समोरच्या ढगाकडे बघून "नको, आज वळूया" असं जे आतून वाटतं ते सिममध्ये शिकवता येत नाही, ते तासांतूनच येतं, आणि तेही एकदोनदा टरकल्याशिवाय येत नाही. म्हणून तुझे २०० जे काय होतील ते कसे भरतेस ते बघ. क्रॉसविंड, म्हणजे धावपट्टीला आडवा वारा, आहे म्हणून इन्स्ट्रक्टर फ्लाइट रद्द करत असेल तर त्याला म्हण, मर्यादेत असेल तर जाऊया, तुम्ही बसा शेजारी. आयकाओच्या किमान यादीत ५४० किलोमीटरची एक क्रॉसकंट्री, म्हणजे लांबची फेरी, असते, मधे दोन वेगळ्या एअरपोर्टवर उतरून, लोक ती ठरलेल्या सोप्या रूटवर उरकून टाकतात, तू अनोळखी ठिकाणं निवड. रात्रीचे तास तर किमान ५ च मागतात, जास्त मिळाले तर घे. आणि लॉगबुकात पेनाने उडवलेले तास नकोत. पकडले जातात, विमानाच्या रेकॉर्डशी तारखा जुळवून बघतात, आणि ती पोरं माझ्याकडे सिमला आली की वीस मिनिटांत कळतं.

आता दादा. त्याला सांग की विमान १९६५ पासून आपलं आपण उतरतंय. १० जून १९६५ ला लंडनच्या हीथ्रोवर ट्रायडंट नावाचं विमान प्रवाशांना घेऊन ऑटोमॅटिक टेकलं होतं. टेकऑफही झालंय, एअरबसने डिसेंबर २०१९ मध्ये तुलूझला कॅमेऱ्यांच्या नजरेवर ए३५० आपोआप उडवून दाखवलं. छोट्या विमानांत तर २०२० पासून असं बटण आलंय की पायलट बेशुद्ध पडला तर मागच्या माणसाने ते दाबायचं आणि विमान स्वतः एअरपोर्ट शोधून उतरतं. हे सगळं खरं आहे आणि दादाला कमी लेखू नकोस, इतिहासही त्याच्याच बाजूने आहे. एके काळी कॉकपिटमध्ये पाच माणसं असायची. रेडिओ ऑपरेटर गेला, नॅव्हिगेटर गेला, मग फ्लाइट इंजिनिअर. त्या शेवटच्यावर केवढं रण माजलं होतं, १९८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीने सांगितलं की नव्या विमानांना दोन माणसं पुरतात, आणि मग तो वाद निकालात निघाला. १९८९ मध्ये ७४७ चं दोन पायलटचं मॉडेल सेवेत आलं.

पण पुढचं दादा विसरतो. निकाल लागला म्हणून फ्लाइट इंजिनिअर दुसऱ्या दिवशी घरी गेले नाहीत, तीन माणसांची जुनी ७४७ त्यानंतरही वर्षानुवर्षं उडत राहिली, कारण विमान काही मोबाईल नाही, घेतलं की वीस-पंचवीस वर्षं वापरतात. आज कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक मोठं पॅसेंजर विमान दोघांसाठी बनलेलं आहे, आणि त्यातली बरीच तू चाळिशीत असशील तेव्हाही उडत असतील.

आणि दोनाचं एक करणं हे तीनाचं दोन करण्यासारखं नाहीये. फ्लाइट इंजिनिअरचं काम मशीनने घेतलं, ठीक. दुसऱ्या पायलटचं काम काय असतं? पहिल्याला "अरे थांब" म्हणणं. वर सांगितलेला तो चुकीच्या हँडलवरचा हात आठव. ४ नोव्हेंबर २०१० ला ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास एअरलाइनचं फ्लाइट ३२ सिंगापूरहून निघाल्यावर त्या ए३८० विमानाचं एक इंजिन फुटलं, पंखातून तुकडे आरपार गेले, स्क्रीनवर पन्नासेक बिघाडांचे मेसेज एकामागून एक यायला लागले. योगायोगाने त्या दिवशी कॉकपिटमध्ये चेकिंगसाठी आलेले धरून पाच पायलट होते, आणि पाच जणांना मिळून ती यादी निस्तरायला पाऊण-एक तास गेला. ४६९ माणसं सुखरूप उतरली. त्या दिवशी काय खरं आणि काय आत्ता सोडून द्यायचं हे माणसांना एकमेकांना विचारून ठरवावं लागलं. मोठ्या प्रवासात मधल्या क्रूझच्या वेळी, म्हणजे विमान वर जाऊन सरळ उडत असतं तेव्हा, एकच पायलट ठेवायचा प्रस्ताव युरोपच्या सुरक्षा संस्थेने अभ्यासायला घेतला होता, २०२५ मध्ये त्याचा निष्कर्ष आला, की आत्ताच्या कॉकपिटमध्ये दोघांइतकी सुरक्षितता एकट्याने दाखवता येत नाही. अगदी साधा मुद्दा, तो एकटा बाथरूमला गेला तर काय?

कधीच होणार नाही असं मी म्हणत नाही. माझा अंदाज, आधी मालवाहू विमानांत आणि क्रूझपुरतंच येईल, पॅसेंजरमध्ये खूप उशिरा, आणि आलं तेव्हा जो एकटा उरेल त्याच्याकडून आजच्या दोघांपेक्षा जास्त मागतील. म्हणजे नुसतं बटणं दाबणाऱ्याने घाबरावं, तू घाबरायचं का नाही ते तू काय शिकतेस त्यावर आहे. आणि दादाला हळूच विचार, ए आय त्याच्या नोकरीत आधी येतंय का आपल्या. (भांडण लावायचा हेतू नाही. थोडा आहे.)

६५-६७ चं पटकन. आयकाओने नोव्हेंबर २००६ मध्ये ६० चं ६५ केलं, अमेरिकेने डिसेंबर २००७ मध्ये. २०२३ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहाने ६७ मंजूर केलं होतं पण २०२४ च्या अंतिम कायद्यात ६५ च राहिलं. तुला याचा फरक पडतो तो असा, की वरची माणसं उठली नाहीत की खालची रांग हलत नाही. एअरलाइनमध्ये सगळं सिनियॉरिटीवर चालतं, कुठलं विमान, कुठला रूट, दिवाळी घरी का विमानात, आणि कॅप्टन कधी. उद्या ६७ झालंच तर तुझी कॅप्टनची खुर्ची वर्ष-दोन वर्षं लांबेल. वैताग येईल, पण करिअर बुडणार नाही.

बुडतं कशाने ते आता सांगते. लायसन्स हातात पडतं तो दिवस आणि पहिला पगार येतो तो दिवस, ह्या दोन दिवसांच्या मधल्या भोकात माणसं बुडतात. विमान कंपन्यांची भरती लाटेसारखी आहे. २००१ नंतर आटली, २००८ नंतर आटली, २०२० मध्ये तर कॅप्टन लोकसुद्धा घरी बसले आणि २०२२ मध्ये त्याच कंपन्या पायलट मिळत नाहीत म्हणून फ्लाइट रद्द करत होत्या. बोइंगचा २०२४ चा अंदाज आहे की पुढच्या वीस वर्षांत जगाला ६ लाख ७४ हजार नवे पायलट लागतील. स्कूलच्या जाहिरातीत हा आकडा तुला मोठ्या अक्षरात दिसेल. आकडा खोटा आहे असं नाही, पण बोइंग विमानं विकते हे लक्षात असू दे, आणि वीस वर्षांची सरासरी तुझ्या बॅचच्या त्या एका वर्षाबद्दल काहीच सांगत नाही.

माझी पहिली नोकरी अकरा महिने चालली. कंपनी बंद पडली, आम्हाला ते एअरपोर्टवर युनिफॉर्ममध्ये उभं असताना कळलं, बॅग हातात, आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली मॅडम तुमचं आयडी चालत नाहीये. त्यानंतर दोन वर्षं मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होते, पैसे तुटपुंजे, कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण. गंमत म्हणजे मी खरी पायलट त्या दोन वर्षांत झाले, दुसऱ्याच्या चुका हात मांडीवर ठेवून बघायच्या आणि नेमकं कधी हात पुढे करायचा हे ठरवायचं, याच्याइतकं शिक्षण कुठेच नाही. पण तेव्हा घरून कुणी हप्ता सांभाळला नसता तर मी नक्की सोडून दिलं असतं. माझ्या बॅचमधल्या माझ्यापेक्षा चांगलं उडवणाऱ्या दोघांनी सोडलं.

म्हणून काय करायचं. फीच्या आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटच्या नोकरीसाठी लागणारी तब्येतीची तपासणी, हे एवढं तरी दगडावरची रेघ समज. रक्त, ईसीजी, कान, डोळे, रंग ओळखणं, सगळं होऊ दे आणि सर्टिफिकेट हातात येऊ दे, मगच एक पैसा भर. चष्मा चालतो. चष्म्यासकट प्रत्येक डोळा ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ दिसलं की आयकाओच्या हिशेबाने झालं, जास्तीचा चष्मा जवळ ठेवायला लावतात इतकंच. रंग ओळखण्यात गडबड निघाली तर मात्र ते आत्ता कळलेलं बरं, मी एका मुलाला अर्धी फी भरून झाल्यावर हे कळताना पाहिलंय.

स्कूल बघायला जाशील तेव्हा ऑफिसात बसू नकोस, हँगरमध्ये जा. ब्रोशरमध्ये विमानं किती ते सोड, आज हवेत जाण्याच्या स्थितीत किती आहेत ते मोज, आणि विद्यार्थी किती ते कँटीनमध्ये विचार, ऑफिसात नाही. मी जिथे पहिल्यांदा पैसे भरले तिथे विमानं पाच होती आणि उडत होतं एक, सातव्या महिन्यात माझे ३८ तास झाले होते. पूर्ण फी आधी भरलेली, परत काय मिळणार, कपाळ. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, जितकं उडलात तितकंच भरा, आगाऊ डिस्काउंट देतायत म्हणजे त्यांना आज पैशांची नड आहे.

लायसन्स कुठल्या देशाचं घेतेस आणि काम कुठे करणार हे आधीच जुळवून बघ, एकीकडचं दुसरीकडे आपोआप चालत नाही, परत पेपर, परत स्किल टेस्ट, कधी परत मेडिकल. हे त्या त्या देशाच्या विमान प्राधिकरणाच्या वेबसाइटवर स्वतः वाच, एजंटच्या पीडीएफमध्ये नको. इंग्लिशचं फार टेन्शन घेऊ नकोस, २००८ पासून आयकाओच्या सहा पायऱ्यांतली लेव्हल ४ किमान लागते, ॲक्सेंट चालतो, पण अचानक काही झालं तर साध्या वाक्यात सांगता आलं पाहिजे. डिग्री अर्धवट असेल तर बाहेरून का होईना पूर्ण कर, मेडिकल गेलं तर तेच उपयोगी पडतं.

आणि आईचं. मला वाटतं तुझ्या घरात खरा प्रश्न तिलाच कळलाय. दादा रोबोटबद्दल बोलतोय, तू नियमांबद्दल, बाबा स्वप्नाबद्दल, आणि ती बहुतेक मनातल्या मनात हप्ते मोजतेय. एक कागद घे. लायसन्स मिळाल्यापासून ३६ महिने नोकरी नाही असं धर, त्या प्रत्येक महिन्याचा हप्ता लिही, मेडिकल आणि रेटिंग चालू ठेवायचा खर्च लिही, आणि समोर तो कोण भरणार ते नाव लिही. तुझं नाव जिथे लिहिशील तिथे कुठल्या कामातून तेही. मग तो कागद बाबांच्या नाही, आईच्या समोर ठेव आणि विचार, यात काय राहिलंय. ती बोलेल बघ.